दुभाष्याची तीस वर्षे

सारीपाट विकत घेतला म्हणजे तो ओसरीवर पसरावा, माजघरात पसरावा की गच्चीवर न्यावा, हे विकणाऱ्याने ठरवावयाचे नसते. पत्त्यांचा जोड एकदा घरी आणला की तो कोणत्या टेबलावर पिसावयाचा, याची परवानगी मागण्यास कोणी पुन्हा दुकानात जात नाही. खेळाच्या वस्तूविषयी मनुष्यमात्राची हीच समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. संगणकावरील खेळाने ती मोडली. १९९० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतील दुकानांत खेळांच्या ज्या रंगीत पेट्या विकावयास मांडलेल्या असत, त्यांच्या पाठीवर बारीक अक्षरांत एक अट छापलेली असे: हा खेळ चालण्यास मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही प्रणाली असावी लागते. पूर्ण पैसे मोजून पेटी घरी नेणाऱ्याच्या संगणकावर दुसरी एखादी प्रणाली असेल, तर आतील तबकडी त्याच्या दृष्टीने केवळ एक चकचकीत चकती होय. ही अट न मानणाऱ्या थोड्या लोकांनी तीस वर्षांहून अधिक काळ एक उद्योग चालविला आहे. लिनक्स या प्रणालीवर विंडोजचे खेळ चालविणे, आणि तेही कोणा अधिकृत दुकानाच्या मध्यस्थीवाचून चालविणे, हा तो उद्योग.

तो समजण्यास प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. संगणकातील कोणताही प्रोग्राम सगळी कामे स्वतः करीत नाही. पडद्यावर खिडकी उघडणे, फाइल वाचणे, आवाज काढणे, घड्याळ पाहणे ही कामे तो संगणकाच्या मूळ प्रणालीकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडून, करवून घेतो. मोठ्या वाड्यात उतरलेल्या पाहुण्याने ‘पाणी आणा’, ‘दिवा लावा’ अशा हाका माराव्यात आणि नोकरांनी ती कामे करावीत, तसा हा प्रकार आहे. विंडोजकरिता लिहिलेला खेळ विंडोजच्या नोकरांची नावे घेऊन हाका मारतो. लिनक्सच्या वाड्यातही पाणी आहे, दिवा आहे, नोकर आहेत. परंतु त्यांची नावे निराळी आणि कामाच्या रीती निराळ्या. पाहुणा हाका मारीत बसतो आणि कोणीच ‘ओ’ देत नाही. खेळ सुरू होत नाही तो या कारणाने. संगणकाचे यंत्र दुबळे असते म्हणून नव्हे. यंत्र तर बहुधा तेच असते.

लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या संगणकाकरिता प्रणालीचा गाभा लिहिला, तो जगापुढे मांडला, आणि पुढल्याच वर्षी तो ग्नू परवान्याखाली आणला. रिचर्ड स्टॉलमन यांनी घडविलेल्या या परवान्याचे मर्म असे की, प्रोग्रामचे मूळ लेखन कोणीही वाचावे, बदलावे, वाटावे. मात्र बदल करून वाटणाऱ्याने आपला बदलही तसाच खुला ठेवावा. लिनक्स वापरणारे प्रारंभी बहुशः विद्यार्थी, प्राध्यापक आणि प्रोग्राम लिहिणारे असत. त्यांस उत्तम प्रणाली विनामूल्य मिळाली. परंतु तिच्यासाठी बाजारात खेळ नव्हते. जेथे गिऱ्हाईक तेथे व्यापारी, आणि गिऱ्हाईक विंडोजपाशी होते.

१९९३ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने वाबी नावाचा प्रोग्राम पुढे आणला. विंडोजचे प्रोग्राम सनच्या युनिक्स संगणकांवर चालावेत, हा त्याचा हेतू होता. ते पाहून लिनक्सच्या मंडळींच्या मनात आले की, असे काही आपणही करावे. त्याच वर्षी बॉब ॲमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी कामास हात घातला. १९९४ मध्ये सूत्रे आलेक्सांद्र जुलियार यांच्याकडे आली, आणि पुढील तीन दशके त्यांनी ती खाली ठेविली नाहीत. प्रकल्पाचे नाव वाइन. नाव ऐकून कोणी दचकण्याचे कारण नाही. ती आद्याक्षरांची गंमत आहे. ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’ या वाक्याची ती आद्याक्षरे. म्हणजे नावाचा उलगडा करू जावे तर पहिल्याच शब्दात पुन्हा तेच नाव भेटते!

वाक्यातील नकार मात्र गमतीचा नाही. एम्युलेटर म्हणजे दुसऱ्या यंत्राचे हुबेहूब सोंग आणणारा प्रोग्राम. सोंग वठते, परंतु प्रत्येक पावलास दुप्पट-चौपट श्रम पडतात, आणि खेळासारख्या वेगाच्या वस्तूस ते परवडत नाहीत. वाइन सोंग आणीत नाही. खेळातील हिशेब, आकडेमोड, हालचाल यांच्या सूचना संगणकाचे यंत्र सरळ पाळते. विंडोजच्या नावाने मारलेली हाक आली म्हणजेच वाइन मध्ये पडते, ती लिनक्सच्या रीतीने पुरी करून घेते आणि उत्तर विंडोजच्या भाषेत परत देते. तिला दुभाष्या म्हणणे अधिक योग्य.

हा दुभाष्या तयार कसा केला, हीच या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट आहे. मायक्रोसॉफ्टचे मूळ लेखन गुप्त. ते उघडून पाहिले तर चोरी; न पाहिले तर आत काय आहे हे कळावे कसे? वाइनच्या मंडळींनी बाहेरून परीक्षा घेण्याचा मार्ग पत्करला. छापील मार्गदर्शक पुस्तकांत एखाद्या हाकेचे वर्णन असे ते वाचावयाचे; मग खऱ्या विंडोजला तीच हाक मारून काय उत्तर येते ते टिपून घ्यावयाचे; सरळ प्रश्न विचारावयाचे, उलट विचारावयाचे, मुद्दाम चुकीचेही विचारावयाचे; आणि त्या सर्वांस तेच उत्तर देईल असा नवा नोकर आपल्या हाताने घडवावयाचा. ज्याने मायक्रोसॉफ्टचे गुप्त लेखन कोठे पाहिले असेल त्याने त्या भागाच्या कामास हात लावू नये, असा दंडक होता. काम मोठे किचकट, आणि त्यास अंत नाही. कारण पुस्तकातील वर्णन आणि प्रत्यक्षातील वर्तन यांत अंतर असे, आणि खेळ विसंबलेले असत ते प्रत्यक्षावर. विंडोजच्या एखाद्या हाकेत मूळचा दोष असला आणि एखादा खेळ त्या दोषाच्याच आधारावर उभा असला, तर दुभाष्यासही तो दोष जसाच्या तसा उच्चारावा लागे. शाळेत शेजाऱ्याच्या वहीतील चूक उतरवून घेणारा मुलगा त्या चुकीमुळेच पकडला जातो. येथे चूक बिनचूक उतरविणे हीच कामाची कसोटी ठरली.

कायद्याने या कामास थारा दिला काय, असा प्रश्न साहजिकच येतो. अमेरिकेतील न्यायालयांचे निकाल एकंदरीने अनुकूल पडले. १९९२ मध्ये सेगा विरुद्ध ॲकोलेड या खटल्यात, आपला खेळ दुसऱ्याच्या यंत्रावर चालावा एवढ्यासाठी त्याचा प्रोग्राम उकलून पाहणे हा न्याय्य उपयोग होय, असे अपील न्यायालयाने ठरविले. २००० मध्ये सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात त्याच धोरणाची पुनरुक्ती झाली. वाइनची मंडळी तर उकलून पाहण्यापर्यंतही जात नसत. मध्यंतरी सन कंपनीने निराळी खटपट केली होती: विंडोजच्या हाकांची यादीच सार्वजनिक मानक म्हणून मान्य व्हावी. युरोपातील एक्मा या संस्थेने डिसेंबर १९९५ मध्ये तसे मानक प्रसिद्धही केले. मायक्रोसॉफ्टचा त्यास विरोध होता, आणि तोपर्यंत विंडोज ९५ बाजारात येऊन चार महिने लोटले होते. यादी छापून होते तो वाड्यात नवे नोकर भरती झाले होते. मानक कागदावर राहिले.

वाइनमध्ये अगदी प्रारंभी जे प्रोग्राम चालू लागले, त्यांत विंडोजबरोबर येणारा सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ होता. पत्ते पडद्यावर मांडणे सोपे. खऱ्या खेळांची गोष्ट वेगळी. १९९४ च्या नाताळात डिस्ने कंपनीचा ‘द लायन किंग’ हा खेळ पुष्कळ घरांतील नव्या संगणकांवर चालेना. मुले रडकुंडीस आली आणि आईबाप संतापले. विंडोजवर खेळ नीट चालत नाहीत हा बोभाटा मिटविण्याची निकड मायक्रोसॉफ्टला भासू लागली, आणि १९९५ च्या सप्टेंबरात डायरेक्टएक्स हा हाकांचा नवा संच निघाला. त्याच्या योगाने खेळास चित्रे काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाशी जवळजवळ थेट बोलता येऊ लागले. खेळ देखणे झाले, वेगवान झाले. आणि त्याच प्रमाणात दुसऱ्या प्रणालीवर नेण्यास अवघडही झाले. पत्र लिहिण्याच्या किंवा जमाखर्चाच्या प्रोग्रामचे भाषांतर करणे हे गद्याचे भाषांतर. डायरेक्टएक्सचे भाषांतर हे गाण्याचे भाषांतर. अर्थ बरोबर उतरला आणि ताल चुकला, तरी फुकट.

या अडचणीतून दोन वाटा निघाल्या. पहिली वाट सरळपणाची होती. स्कॉट ड्रेकर यांनी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. खेळाच्या मालकांकडून रीतसर अधिकार घेऊन तोच खेळ लिनक्ससाठी नव्याने बांधावयाचा आणि पेटीत घालून विकावयाचा, हा तिचा धंदा. ‘सिव्हिलायझेशन: कॉल टु पॉवर’ हा तिचा पहिला खेळ १९९९ मध्ये निघाला, पाठोपाठ ‘रेलरोड टायकून २’, ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’, ‘क्वेक ३’ हेही आले. काम उत्तम होते. परंतु विंडोजची पेटी आधी येई आणि लोकीची मागाहून. हौशी माणसास तेवढा धीर कोठला? लिनक्स वापरणाऱ्या पुष्कळांच्या संगणकात विंडोजही नांदत असे, आणि खेळापुरते ते तिकडे जात. सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. जानेवारी २००२ मध्ये लोकी बंद झाली. तिच्या अवशेषांपैकी एक वस्तू मात्र चिरंजीव ठरली. सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये लिहावयास घेतलेले आणि लोकीत वाढविलेले एसडीएल हे खुले ग्रंथालय आजही असंख्य खेळांच्या पोटात आहे.

दुसरी वाट कॅनडातील ट्रान्सगेमिंग या कंपनीची. तिने वाइनचे लेखन घेतले, त्यात डायरेक्टएक्सच्या भाषांतराची भर घातली, आणि वाइनएक्स या नावाने ते महिना पाच डॉलर वर्गणीवर देऊ केले. पुढे त्याचेच नाव सेडेगा झाले. यात बेकायदा काही नव्हते. वाइनचा त्या काळचा परवाना अतिशय उदार होता: घ्या, बदला, विका, आणि बदल आपल्यापाशीच ठेवावयाचा असेल तर तसेही करा. पुरेसे वर्गणीदार मिळाले म्हणजे आपले लेखन परत देऊ, असे ट्रान्सगेमिंगने सांगितलेही होते. परंतु तो दिवस उजाडेना, आणि वाइनच्या मंडळींत कुरबूर सुरू झाली. सार्वजनिक विहीर सगळ्यांनी मिळून खणावी, आणि एकाने वरून पंप बसवून पाणी आपल्या हौदात ओढावे, असे काहीसे त्यांस वाटू लागले.

वाद मोठा झाला. एका पक्षाचे म्हणणे, परवाना कडक केला तर व्यापारी पळतील आणि प्रकल्प उपाशी मरेल. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, आज कडक केला नाही तर उद्या उत्तम भाग सगळा कुलुपात जाईल आणि लोकांच्या हाती जुने सांगाडे राहतील. मिनेसोटा संस्थानातील कोडवीव्हर्स या छोट्या कंपनीने दुसऱ्या पक्षास बळ दिले. जेरेमी व्हाइट यांची ही कंपनी वाइनचीच क्रॉसओव्हर नावाची सुबक आवृत्ती विकी, जुलियार यांस तिनेच पदरी ठेविले होते, आणि आपल्या सुधारणा ती मूळ वाइनला परत करी. मार्च २००२ मध्ये निर्णय झाला. वाइनने एलजीपीएल हा परवाना स्वीकारला. त्याखाली वाइन घेऊन धंदा करण्यास कोणास मज्जाव नाही. मात्र वाइनमध्ये केलेली दुरुस्ती वाटावयाची झाल्यास ती खुलीच वाटली पाहिजे. काही लोकांनी रुसून जुन्या परवान्याची निराळी चूल मांडली. ती फार काळ पेटली नाही.

ट्रान्सगेमिंगवर या प्रकरणात पुष्कळ राग काढण्यात आला, तो सगळा न्याय्य होता असे नाही. पगार द्यावे लागतात, आणि ज्या काळी वाइनमध्ये नवे खेळ जेमतेम उघडत, त्या काळी पाच डॉलरांत ते खेळावयास मिळत होते, हे उपकारच म्हणावयाचे. परंतु २०११ मध्ये सेडेगा बंद झाली तेव्हा तिचे कुलूपबंद लेखन तिच्याबरोबरच गेले. वर्गणीदारांच्या हाती काही राहिले नाही. २००२ च्या रुक्ष वाटणाऱ्या त्या परवान्याच्या वादाचे महत्त्व पुढे आणखी एकदा दिसावयाचे होते.

मधली वर्षे दमाची गेली. वाइनची पहिली पूर्ण आवृत्ती जून २००८ मध्ये निघाली. कामास आरंभ होऊन तोवर पंधरा वर्षे लोटली होती, आणि तिने बिनदिक्कत चालविण्याची हमी घेतलेले प्रोग्राम अवघे चार, त्यांत खेळ एकही नव्हता! प्रत्यक्षात शेकडो खेळ चालत. परंतु प्रत्येकाचे पथ्य निराळे. एकास अमुक जोडफाइल हवी, दुसऱ्यास ती मुळीच खपत नाही. म्हणून जाणते लोक प्रत्येक खेळास स्वतंत्र बिऱ्हाड देऊ लागले. वाइन एका फोल्डरात विंडोजचा सगळा संसार मांडते: खोटी ‘सी’ ड्राइव्ह, तिच्यात ‘प्रोग्राम फाइल्स’, विंडोजच्या नोंदवहीच्या जागी साध्या अक्षरांतील दोनचार फाइली. असे फोल्डर हवे तितके करता येतात. एका खेळाने आपल्या बिऱ्हाडात कितीही पसारा केला तरी शेजाऱ्यास झळ लागत नाही, आणि नकोसे झाले की ते बिऱ्हाड उचलून टाकता येते. विंडोजलाही जी सोय सहजी नव्हती, ती दुभाष्याने केली.

कोणत्या खेळास काय मानवते हे ज्ञान विखुरलेले होते. ते गोळा करण्याचे काम कोणी नेमून दिले नव्हते. खेळणाऱ्यांनीच ते केले. वाइनच्या सार्वजनिक नोंदवहीत लोक आपला अनुभव लिहीत आणि खेळास श्रेणी देत: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ, आणि सर्वांत शेवटी गार्बेज, म्हणजे केर. डॅन केगेल यांच्या वाइनट्रिक्सने हव्या त्या जोडफाइली आणून बसविण्याचे काम एका आज्ञेवर आणले. २००७ मध्ये फ्रान्समध्ये प्लेऑनलिनक्स निघाले, पुढे लुट्रिस निघाले. यांनी त्या अनुभवांच्या कृती करून ठेविल्या. एकाने रात्री जागून शोधलेली युक्ती दुसऱ्यास बटन दाबून मिळू लागली. या काळात खेळाची तबकडी पेटीतून काढावी, वाइनकडून तिची स्थापना करावी आणि खेळावे, एवढाच व्यवहार होता. मध्ये दुकान नव्हते. २००८ मध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट या गटाने जीओजी हे जुन्या खेळांचे दुकान आंतरजालावर काढले. तेथील खेळास कुलूप नसे. पैसे भरून स्थापनेची फाइल उतरवून घेतली की ती गिऱ्हाइकाची झाली. वाइन वापरणाऱ्यांस यापरते काय हवे?

उलट, कुलपे लावलेल्या तबकड्यांचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. नक्कल होऊ नये म्हणून शेकडो खेळांच्या तबकड्यांवर सेफडिस्क नावाचे कुलूप असे, आणि ते उघडण्यास लागणारा एक भाग विंडोजच्या पोटात होता. त्या भागात सुरक्षेचा धोका आहे म्हणून विंडोज १० मध्ये, २०१५ साली, मायक्रोसॉफ्टने तो वगळला. ज्यांनी पैसे मोजून ते खेळ घेतले होते, त्यांच्या तबकड्या खुद्द विंडोजवरच मुक्या झाल्या. खेळ विकत घेणे आणि खेळता येणे यांतील अंतर केवळ लिनक्सवाल्यांच्या वाट्यास आले होते असे नव्हे.

याच सुमारास दुकाने बदलली होती. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने २००३ मध्ये स्टीम हे दुकान आंतरजालावर उघडले, आणि दहा वर्षांत पेट्या विकणारे दुकानदार मागे पडले. स्टीमवर खेळ घेतला म्हणजे तो गिऱ्हाइकाच्या खात्यास बांधला जातो. मिळतो तो वापरण्याचा परवाना. २०२४ च्या ऑक्टोबरात, कॅलिफोर्नियातील नव्या कायद्याच्या तोंडावर, स्टीमने हे आपल्या विक्रीच्या पानावर उघड लिहावयास आरंभ केला.

अशा या बलाढ्य दुकानदारास एक दिवस घरमालकाचे भय वाटू लागले. २०१२ मध्ये विंडोज ८ येऊ घातली होती, आणि तिच्यात मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे दुकान असावयाचे होते. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी त्या वर्षीच्या जुलैत ही प्रणाली म्हणजे संगणकाच्या धंद्यावरील अरिष्ट आहे, असे जाहीरपणे म्हटले. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आली. २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी स्टीम मशीन नावाची यंत्रे निघाली आणि पडली. कारण जुनेच, खेळ थोडे. लोकीचा अनुभव व्हॉल्व्हने अधिक पैसे खर्चून पुन्हा घेतला, असे म्हणावयास हरकत नाही. तेव्हा कंपनी दुभाष्याकडे वळली. कोडवीव्हर्सच्या साहाय्याने तिने वाइनची खेळांसाठी खास आवृत्ती तयार केली आणि २१ ऑगस्ट २०१८ रोजी प्रोटॉन या नावाने जाहीर केली.

प्रोटॉनच्या यशाचे अर्धे श्रेय एका खेळवेड्या माणसास आहे. २०१६ मध्ये क्रोनोस या उद्योगसंघाने व्हल्कन हा चित्रांच्या हाकांचा नवा, खुला संच प्रसिद्ध केला होता. तोवर वाइन डायरेक्टएक्सचे भाषांतर ओपनजीएल या जुन्या संचात करी, आणि नव्या खेळांत चित्रे अडखळत किंवा निव्वळ चुकत. जर्मनीतील फिलिप रेबोले यांस ‘नियर: ऑटोमाटा’ हा जपानी खेळ लिनक्सवर खेळावयाचा होता आणि तो काही केल्या नीट दिसेना. तेव्हा त्यांनी डायरेक्टएक्स ११ चे भाषांतर सरळ व्हल्कनमध्ये करणारा डीएक्सव्हीके हा प्रोग्राम स्वतःच लिहावयास घेतला. काही महिन्यांत तो खेळ चालला, पाठोपाठ इतर अनेक चालले, आणि २०१८ च्या आरंभी व्हॉल्व्हने त्यांस वेतन देऊन त्याच कामावर नेमले. गाण्याचे भाषांतर अखेर तालात उतरले. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हॉल्व्हचे हातात मावणारे स्टीम डेक हे यंत्र निघाले. त्यात लिनक्स आहे हे खेळणाऱ्या पुष्कळांच्या गावीही नसे.

येथे २००२ चा निर्णय फळास आला. व्हॉल्व्हने वाइनवर जो पैसा ओतला, त्यातून झालेली दुरुस्ती परवान्याच्या अटीमुळे खुलीच राहिली. रेबोले यांनी डीएक्सव्हीके स्वतःहून खुले ठेविले होते. परिणाम असा की, दुकानदाराने आपल्या दुकानापुरता बांधलेला पूल दुकानात पाऊलही न टाकणाऱ्यास वापरता येऊ लागला. जीओजीवरून उतरविलेला खेळ किंवा कपाटातील जुनी तबकडी लुट्रिसमधून त्याच दुभाष्याच्या हाती देता येते. एपिक कंपनीचे दुकान डिसेंबर २०१८ मध्ये उघडले ते फक्त विंडोज आणि मॅक यांच्यासाठी. लिनक्सवाल्यांनी २०२१ मध्ये हिरोइक हा आपला प्रोग्राम करून तेथे विकत घेतलेले खेळ घरी आणण्याची सोय केली. २०२४ मध्ये ऊमू हा छोटा प्रोग्राम निघाला. त्याचे काम एवढेच: स्टीमवाचून प्रोटॉन चालविणे. सेडेगाचा पूल त्याच्या मालकाबरोबर वाहून गेला होता. हा तसा जावयाचा नाही.

पूल शाबूत असला तरी नदी कोरडी पडू शकते, हे १८ जून २०१९ नंतरच्या आठवड्यात अनुभवास आले. लिनक्सची लोकप्रिय आवृत्ती उबुंटू काढणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने जाहीर केले की, ३२ बिटांच्या जुन्या प्रोग्रामांस लागणारी ग्रंथालये पुढील आवृत्तीत असणार नाहीत. नव्या यंत्रांस त्यांची गरज नाही, हे कंपनीचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु विंडोजचे जुने खेळ बहुतेक सगळे ३२ बिटांचे. दुभाष्याच्या पायाखालची जमीनच जावयाची होती. वाइनच्या लोकांनी आक्षेप घेतला, व्हॉल्व्हने पुढील उबुंटूचा पुरस्कार न करण्याचे बोलून दाखविले, आणि २४ जूनला कॅनॉनिकलने माघार घेतली. नुसत्या हौशी लोकांनी ओरड केली असती तर माघार इतक्या लवकर झाली असती काय, हा प्रश्न वाइनच्या मित्रांस फारसा सुखाचा नाही.

दुभाष्याचे जेथे काही चालत नाही असे एक दार आहे. अनेकांनी एकत्र खेळावयाच्या खेळांत लबाडी पकडणारे पहारेकरी बसविलेले असतात. ते संगणकाच्या अगदी आत शिरून पाहतात, आणि वाइन दिसली की संशय घेतात. २०२१ मध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही पहारेकऱ्यांच्या मालकांनी प्रोटॉनला वाट देण्याची सोय केली. परंतु ती वापरावी की नाही हे प्रत्येक खेळाच्या मालकावर सोपविले. पुष्कळांनी दार उघडले, पुष्कळांनी उघडले नाही, आणि काहींनी उघडून पुन्हा लावले. ‘एपेक्स लेजंड्स’ हा खेळ लिनक्सवर चांगला चालत असता ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी मालकांनी लबाडीचे कारण देऊन तो लिनक्सवर बंद केला. हाक समजली नाही असे येथे नाही. हाक समजते, उत्तरही बरोबर जाते. आत घ्यावयाचे नाही, एवढेच.

२००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील एक तपासणी समोरच्या संगणकात वाइनच्या खुणा शोधते, असे उघडकीस आले होते. त्याच मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२४ मध्ये मोनो हा आपल्याकडील खुला प्रकल्प सांभाळण्यासाठी वाइनच्या मंडळींच्या स्वाधीन केला. आणि २०२५ च्या मार्चमध्ये निघालेल्या लिनक्सच्या ६.१४ या आवृत्तीत, विंडोजच्या खेळांत एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांचा मेळ त्यांच्याच रीतीने घालणारी एनटीसिंक ही सोय प्रणालीच्या गाभ्यातच समाविष्ट झाली. दुभाष्याकरिता वाड्यानेच एक खोली बांधून दिली.

अगदी जुन्या, १६ बिटांच्या खेळांची कथा उरते. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ते चालत नाहीत; मायक्रोसॉफ्टने ती सोय त्या प्रणालीत ठेविलीच नाही. लिनक्समध्येही २०१४ च्या वसंतात सुरक्षेतील एक फट बुजविताना ती गेली होती. वाइन वापरणाऱ्यांची तक्रार आली. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या धाटणीच्या प्रोग्रामांसाठी गाभ्यात कोणी हात घालावा, असे कोणी म्हणू शकले असते. परंतु फट बुजवून जुनी सोयही राहील अशी तोड शोधण्यात आली, आणि काही महिन्यांत ती पुढील आवृत्तीत आली. १९९३ मध्ये वाइनच्या पहिल्या कर्त्यांनी पडद्यावर मांडलेला विंडोज ३.१ चा सॉलिटेअर आजच्या विंडोजवर उघडत नाही. लिनक्सवर, वाइनमध्ये, तो उघडतो, आणि पत्ते मांडतो.